धार कोण काढणार?

विंझर गावातलं स्थलांतर बघायचं असेल तर भल्या पहाटे नसरापूर-वेल्हे रस्त्याच्या कडेला उभं राहावं. आधी मोटरसायकली जातात. शिरवळ, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत पहिली पाळी गाठणारी पोरं, कानटोप्या घातलेली, पाठीला डब्याची सॅक. मग पुण्याची एसटी. तोवर उजाडतं आणि घराघरांतून किटल्या, कॅन घेऊन बायका दूध घालायला बाहेर पडतात. गडीमाणूस गावाबाहेर जातो तेव्हा मागे जनावराला कोणीतरी लागतं, ही साधी गोष्ट त्या अर्ध्या-पाऊण तासात डोळ्यांपुढून जाते.

मी सांस्कृतिक मानवशास्त्राची अभ्यासक. स्थलांतर, लिंगभाव आणि माणूस-जनावरांचं नातं हा माझ्या कामाचा विषय. पुण्यात हे सांगितलं की लोकांना ते तीन विषय वाटतात. विंझरमध्ये कोणालाच तसं वाटलं नाही. तिथल्या माझ्या पहिल्याच पावसाळ्यात एका घरात, मुलाला मुंबईला पाठवायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं. मुलगा तयार, बाप तयार, चुलत्यानं तिकडे काम बघून ठेवलेलं. सुनेनंही बरोबर जावं, म्हणजे पोराचे खाण्याचे हाल होणार नाहीत, असं बाप म्हणाला. त्यावर चुलीपुढं बसलेली सासू एवढंच बोलली, “अन् धार कोण काढणार?” तिच्या हाताच्या बोटांना संधिवात होता. बोलणं तिथंच थांबलं. मुलगा एकटा गेला.

त्यानंतर मी ज्या ज्या घरात बसले तिथं हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला. कोण जाणार हे पगारावर ठरतं, खरं आहे. पण कोण राहणार हे गोठ्यात ठरतं. स्थलांतराच्या अभ्यासात आपण जाणाऱ्याच्या मागे धावतो, त्याची गाडी, त्याची खोली, त्याची मनीऑर्डर मोजतो. राहणारी बाई त्या हिशोबात ‘मागे उरलेली’ म्हणून येते. माझं म्हणणं असं की ती उरलेली नाही, तिला राहावं लागतं म्हणून दुसऱ्याला जाता येतं. आणि तिला राहावं लागतं त्याचं कारण बऱ्याचदा चार पायांचं असतं.

गाव समजून घ्यायचं तर जमिनीपासून सुरुवात करावी लागते. राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांच्या कुशीत हा प्रदेश येतो. तालुका वेल्हे, 2024 साली राज्य मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे. पाऊस दांडगा, पण पावसाचं पाणी उतारावरून निघून जातं. भात हे मुख्य पीक, वरकस जमिनीत नाचणी, वरई. दिवाळीच्या पुढं-मागं भात कापून झालं की बऱ्याच खाचरांना पुढचे सहा-सात महिने काम नाही. त्यामुळं इथली गडीमाणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात आली. गिरण्या, गोदी, धान्याचे बाजार. गावकीची खोली असायची, पाळीपाळीनं झोपायचं, आणि आवणीला गावी यायचं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातून गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. माथाडी कामगारांना मात्र 1969 च्या कायद्याचा आधार होता, तिकडे पुष्कळांची सोय लागली. आताची पिढी मुंबईपेक्षा पुण्याच्या आसपास राहते, काही तर रोज जाऊन येऊन करतात.

सरकारी मोजणीत यातलं काय दिसतं? 2011 च्या जनगणनेत देशात 45 कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले, आणि स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण निघालं लग्न. म्हणजे गुंजवणीच्या खोऱ्यातून विंझरला नांदायला आलेली, त्यानंतर पुण्यापलीकडं कधी न गेलेली बाई कागदावर स्थलांतरित आहे. आणि शिरवळला रोज जाऊन रोज परत येणारा तिचा नवरा कागदावर कुठंच हललेला नाही. मला यात विसंगती वाटत नाही. उलट जनगणनेनं इथं एक खरी गोष्ट पकडली आहे आणि आपण ती वाचत नाही. गाव सोडून परक्या घरी, परक्या गोठ्यात आयुष्य काढायला गेलेली ही बाईच. पुष्कळ जणींबरोबर आंदण म्हणून एखादी गाय किंवा म्हशीची पारडी आलेली असायची. एक आजी सांगत होत्या की नवीन घरात पहिले काही महिने त्या जास्त बोलल्या त्या माहेरून आलेल्या पारडीशी. दोघीही नव्या, दोघींनाही कुठली वाट कुठं जाते ते माहीत नाही.

आता एक गोठा जवळून दाखवते, कारण सगळं त्यात आहे. घराला लागूनच, खाली दगडी फरशी, एका बाजूला उतार आणि मूत वाहून जायला नाली. दोन म्हशी, एक गावठी गाय, एक रेडकू. या घरच्या वहिनी पहाटे उठतात ते आधी गोठ्यात. शेण भरायचं, जागा झाडायची, आंबोण पुढं ठेवायचं. मग रेडकू सोडायचं. ते चार घोट पितं, म्हैस पान्हवते, की त्याला बाजूला बांधायचं आणि कासेला हात घालायचा. हे सगळं होत असताना वहिनी तिच्याशी एका विशिष्ट लयीत बोलत राहतात. शब्दांना फारसा अर्थ नसतो, पण आवाज रोजचा तोच लागतो. म्हैस बिचकली, हात परका वाटला, वास बदलला, की ती पान्हा चोरते. दूध कासेत असतं, सडात उतरत नाही. याला शरीरशास्त्राचा आधार आहे. जनावर घाबरलं की पान्हा सोडणारी क्रिया अडते, आणि म्हशीत हे गाईपेक्षा जास्त जाणवतं. वहिनींच्या दोन म्हशींपैकी थोरली फक्त त्यांनाच धार देते.

सख्ख्या भावाच्या लग्नात वहिनी हळदीला पोचल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी सकाळची धार काढून निघाल्या, अक्षता पडल्यावर जेवून संध्याकाळच्या धारेला परत. पुढं एकदा त्यांना ताप भरला तेव्हा जावेनं त्यांच्या अंगावरचं लुगडं नेसून, त्यांच्यासारखा पदर डोक्यावरून घेऊन धार काढून बघितली. हा उपाय मी इथं बऱ्याच घरांत ऐकला आहे आणि तो थोडाफार चालतो. त्या दिवशी म्हशीनं निम्मं दूध दिलं. हे सांगताना वहिनींच्या आवाजात तक्रारही होती आणि अभिमानही. “मालकांना समदं चालतं, तिला मीच लागती,” त्या म्हणाल्या. आपण बांधलेलं जनावर आपल्याला बांधून ठेवतं, आणि त्याच जनावरामुळं घरात आपली अशी एक जागा असते जी दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बाईच्या कष्टांवर लिहिताना आपण पहिलीच तेवढी लिहितो, आणि जनावरावरच्या प्रेमावर लिहिताना दुसरीच.

दूध संस्थेचं खातं मात्र मालकांच्या नावावर. पहाटेचा अंधार, शेण, ताप, सगळं वहिनींचं. दर दहा दिवसांच्या बिलावर नाव दुसऱ्याचं. बिल घरात येतं, भांडण नाही. पण बँकेत पशुकर्जाचा अर्ज करायचा तर दूध घातल्याचा पुरावा वहिनींच्या नावाचा नाही.

बैलांची गोष्ट वेगळी आहे. नांगर धरणं, चिखलणी करणं हे बाईचं काम नव्हे, अशी रीत. गडीमाणूस पक्का बाहेर गेला की जू धरायला कोणी नाही, म्हणून बैल विकले गेले. त्यांच्या जागी पॉवर टिलर तासावर मिळतो. 2015 साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून म्हातारा बैल विकणं अवघड झालं, त्यामुळं नवा घेताना माणूस दहा वेळा विचार करतो. गावात म्हशी आणि गाई आहेत, बैलाची दावण पुष्कळ घरांत रिकामी. म्हणजे स्थलांतरानं माणसांबरोबर जनावरांचीही निवड केली. बाईच्या हाताखालची जनावरं राहिली, पुरुषाच्या हाताखालची गेली. बैलगाडा शर्यतींना 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं मान्यता कायम ठेवल्यावर पुणे जिल्ह्यात बैल पुन्हा दिसू लागला खरा, पण तो शर्यतीचा. त्याच्या अंगावर गुलाल पडतो तेव्हा भोवती पोरांचा गराडा असतो. एरवी रोजची वैरण टाकताना मी घरातल्या बाईलाच पाहिलं आहे.

माझ्या विषयातही बाईचं हे काम असंच नजरेआड राहिलं. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञानं तेव्हाच्या सुदानमधल्या नुएर लोकांवर 1940 साली पुस्तक लिहिलं. नुएर समाज कळायचा असेल तर गाईपासून सुरुवात करा, असा त्याचा सल्ला आजही वर्गात शिकवतात. त्याच पुस्तकात असंही आहे की दीक्षा झालेल्या नुएर पुरुषाला धार काढायला मनाई. ते काम बायका आणि पोरांचं. वर्गात गाईवर तासभर बोलणं होतं, धारेवर पाच मिनिटंही नाही. अलीकडे हे बदलतं आहे. राधिका गोविंदराजन यांनी कुमाऊँच्या डोंगरातल्या गाई-बकऱ्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायांवर 2018 साली लिहिलेलं पुस्तक वाचताना मला जागोजागी विंझर दिसलं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बाईनं दळता दळता जे रचलं तेही ज्ञान आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. गोठ्यात बाई जे पुटपुटते त्याकडं असं कोणी अजून बघितलेलं नाही.

भात निघालं, खाचरं मोकळी झाली की रस्त्यावर मेंढरं दिसायला लागतात. बारामती, फलटण, पुरंदरकडचे धनगर पाऊस संपल्यावर पश्चिमेला सरकतात. काही वाडे मावळातच खाचराखाचरांतून बसत राहतात, काही भोरवरून वरंध घाटानं महाडकडं उतरतात, आणि मृगाच्या आधी परततात. धनगरांचा वाडा म्हणजे चालणारी वस्ती: चार-सहा बिऱ्हाडं, शेकड्यानं मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या. डोंगरमाथ्यावरचे गवळी धनगर निराळे, त्यांच्या म्हशी. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी 1982 साली त्यांच्यावर लिहिलं आहे की वर गवळी धनगर आणि खाली दरीत भात करणारे कुणबी, अशी एकमेकांच्या वाटेत न येणारी विभागणी सह्याद्रीत होती. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक तर पुण्याचाच होऊन गेला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवरचं त्याचं 1976 चं पुस्तक आणि त्यानं ध्वनिमुद्रित केलेल्या धनगरी ओव्या यांच्याशिवाय महाराष्ट्रातल्या पशुपालकांबद्दल बोलताच येत नाही. त्या ओव्या गाणारे पुरुष. बायका त्या वेळी काय करत होत्या हे मला वाड्यावर बसल्यावर दिसलं.

विंझरच्या खालच्या अंगाला एका खाचरात वाडा उतरताना पाहिला. पुरुष मेंढरं घेऊन मागून, चारत चारत येत होते. घोडी घेऊन पुढं आल्या त्या बायका. जागा त्यांनी निवडली: वारा कुठून येतो, पाणी किती लांब, रात्री कुत्री कुठं बसतील. मग घोड्यावरून आधी कोकरं उतरली. चालू न शकणारी, दोन-चार दिवसांची पिल्लं ओझ्याच्या वरच्या बाजूला, त्यांच्याशेजारी एक वर्षाची मुलगी बांधलेली. कोकरं डालग्याखाली गेली, मुलगी गोधडीवर. तीन दगड, चूल, पाणी. पुरुष पोचेपर्यंत मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, ठोकून तयार. कोणत्या मेंढीचं पिल्लू कोणतं, हे त्यातली थोरली बाई अंधारात वासावरून आणि बेंबाटण्यावरून सांगत होती. बाळंतपण वाटेत होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाडा हलतो आणि बाळंतीण घोड्याबरोबर चालते. हे त्यांनी विशेष काही सांगितल्यासारखं सांगितलं नाही.

विंझरच्या बाईला जनावर घरी ठेवतं, धनगराच्या बाईला जनावर चालवतं. मेंढरांना चारा हवा म्हणून सगळं बिऱ्हाड हलतं, आणि बिऱ्हाड हलवणं म्हणजे बाई. पुरुष एकटा मेंढरं घेऊन जाऊ शकत नाही, कारण मग कोकरं कोण सांभाळणार?

खाचराची मालकीण त्या संध्याकाळी तिथं आली. मेंढरं किती रात्री बसवायची आणि काय द्यायचं, हे ठरवायचं होतं. लेंडीखत आणि मूत यांनी खाचराला पुढच्या भाताला जे मिळतं ते विकतच्या खताला जमत नाही, आणि राब भाजायला लागणारं शेणही तेवढं वाचतं. पूर्वी याचा मोबदला धान्यात, आता बहुतेक पैशांत. तिनं नवऱ्याला फोन लावला. तो नवी मुंबईला. फोन स्पीकरवर, समोर धनगर कारभारी. दोघं पुरुष आकड्यावर घासाघीस करत होते. तेवढ्यात इकडं मालकिणीनं कारभाऱ्याच्या बायकोकडं बघून पदराआड तीन बोटं दाखवली, आणि ती मान हलवून चुलीकडं वळली. फोनवरचा आकडा शेवटी ठरला तो ठरला. रात्री तीन झाल्या आणि वर पायलीभर तांदूळ गेला. दुसऱ्या दिवशी मालकिणीच्या रेडकाच्या खुराला किडे पडले होते, ते कारभारणीनं साफ करून दिले. या दोघींची ओळख बऱ्याच वर्षांची. त्यांचे नवरे एकमेकांना तोंडानं ओळखतात की नाही, मला शंका आहे.

हा व्यवहार आता आक्रसत चालला आहे. पुण्याच्या लोकांनी घेतलेल्या जमिनींना तारेची कुंपणं पडली, आणि मेंढरांची वाट कुंपणापाशी अडते. फार्महाउसच्या हिरवळीला मेंढरं नकोत. लोकरीला भाव नाही. कातरलेली काळी लोकर टाकून दिलेली मी पाहिली आहे. कुंपण म्हटलं की वाट अडल्याचं आपल्या लक्षात येतं. त्यात कारभारणीचं आणि मालकिणीचं वर्षातून एकदाचं भेटणंही तुटतं, हे कुठल्याच कागदावर येत नाही. दुसरीकडं शहराचं येणं सगळंच वाईट, असं मी म्हणणार नाही. शनिवार-रविवार राजगडाच्या वाटेवर डोक्यावर ताक-दह्याची भांडी घेऊन चढणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. डेअरीत नाव नवऱ्याचं, पण गडावर विकलेल्या ताकाचे पैसे कमरेच्या पिशवीत जातात. त्या पैशांबद्दल बोलताना त्यांचा सूर वेगळा असतो.

25 ऑक्टोबर 2024 ला देशाची 21 वी पशुगणना सुरू झाली. भटक्या पशुपालकांची जनावरं तिच्यात पहिल्यांदाच वेगळी मोजली जाणार, आणि जनावर मुख्यतः कोण सांभाळतं, बाई की पुरुष, हेही पहिल्यांदाच विचारलं जाणार, असं तेव्हा जाहीर झालं. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष एकाच वेळी दोघांसाठी ठरवलं: गवताळ कुरणं आणि पशुपालक यांच्यासाठी, आणि शेतकरी महिलांसाठी. न्यूयॉर्कमधल्या दोन वेगळ्या ठरावांनी जे एका वर्षात आणून ठेवलं ते विंझरच्या एका खाचरात आधीपासून एकत्र होतं. पण प्रश्न विचारला गेला तरी उत्तर कोण देतं, हे महत्त्वाचं. दारात कागद घेऊन कोणी आलं की घरातला पुरुष पुढं होतो, पुरुष नसेल तर बाई त्याला फोन लावते. हे मी स्वतः पाहिलं आहे.

म्हणून गणना करणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या अभ्यासकांना माझी विनंती आहे: प्रश्न ओसरीवर विचारू नका, गोठ्यात जाऊन विचारा, आणि तोही धारेच्या वेळी. वाड्यावर गेलात तर मेंढरांमागे जाऊ नका, घोड्याजवळ थांबा. आणि दूध संस्थांच्या संचालकांनी एवढं करावं की ज्या घरात धार बाई काढते त्या घरचं खातं तिच्या नावावर उघडावं. वहिनींनी मागच्या महिन्यात तसा अर्ज दिला आहे. मालकांनी त्यावर आडकाठी न घेता सही केली.